विष्णुपुरीच्या पाण्यावर एक सकाळ

लातूर-नांदेड रस्ता मला पाठ आहे. चाकूर, अहमदपूर, लोहा, सोनखेड, आणि शहर लागण्याआधी विष्णुपुरी. आपाचं लग्न होऊन ती नांदेडला देगलूर नाक्याजवळ राहायला गेली, तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा आमची या रस्त्याने फेरी होतेच. विष्णुपुरी आली की विद्यापीठाची कमान दिसते, मग इंजिनिअरिंग कॉलेज, सरकारी दवाखाना. तिथून जवळच गोदावरी अडवलेली आहे हे माहीत होतं. पण खाली उतरून ते पाणी बघावं असं कधी मनात आलं नाही. घर गाठायची घाई असते, पिशव्या असतात, मुलं भुकेजलेली असतात.

गेल्या डिसेंबरात मुलांच्या सुट्टीत आम्ही चार दिवस आपाकडे होतो. अम्मीही बरोबर होती. एका रात्री जेवताना दुल्हाभाई म्हणाले, ‘उद्या फजरनंतर होडीत बसायचं का? माझ्या ओळखीचा एक भोई आहे, आतल्या ओढ्यांपर्यंत नेतो.’ मुलं ताटावरून उठायच्या बेतात! अम्मी मात्र म्हणाली, ‘पाणी बघायला पैसे कशाला द्यायचे?’

अम्मीचं हे बोलणं वाचकांना विचित्र वाटेल, म्हणून थोडं मागचं सांगते. २०१६ साली लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि शहरातले नळ बंद झाले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. ही बातमी देशभर झाली, पण लातूरच्या घराघरात काय चाललं होतं ते बायकांनाच ठाऊक. आमच्या घरी वुजू परातीत बसून करायचो. परातीत साठलेलं पाणी बादलीत, बादलीतलं संडासात. कपडे आठवड्यातून एकदा. टँकर आला की अम्मी दुपारची झोप टाकून घागरींपाशी उभी राहायची. त्या उन्हाळ्यात आम्ही तिला दीड महिना आपाकडे पाठवलं होतं, तर ती नांदेडला नळ सुरू बघून रडली, असं आपा सांगते. आजही तिच्यासमोर कोणी भांडं घासताना नळ सोडून ठेवला, तर ती काही न बोलता उठते आणि बंद करून येते.

तर अशी अम्मी शाल गुंडाळून सकाळी सहाला आमच्याबरोबर निघाली. नातवंडांवर लक्ष ठेवायला, असं ती म्हणाली.

पाण्याकाठी पोचलो तेव्हा धुकं होतं. होडी लाकडी, बुडाला डांबर फासलेली, आत जाळ्याचा ढीग आणि पाणी उपसायला कापलेला प्लास्टिकचा डबा. सहा माणसं बसतील एवढीच. होडीवाले काका पन्नाशीचे असावेत. त्यांनी आधी मुलांना जॅकेट घातले, मग अम्मीला हात दिला. ‘बसा वो अम्मा, मधोमध बसा. उभं राहायचं नाही कुणी.’ मोटार नव्हती. बांबूने काठ सोडला आणि मग वल्हं. वल्ह्याचा आवाज एवढाच काय तो आवाज.

विष्णुपुरीचा हा प्रकल्प शंकरराव चव्हाणांच्या नावाने ओळखला जातो आणि जलाशयाला शंकरसागर म्हणतात. आशियातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांत त्याची गणना होते. म्हणजे इथलं पाणी आपोआप कालव्यात जात नाही, पंपाने वर चढवून शेतांकडे सोडतात. नांदेड शहर पिण्याचं पाणीही इथूनच घेतं. एवढं सगळं ज्यावर चालतं तो उपयुक्त साठा ८०.७९ दशलक्ष घनमीटर आहे. जायकवाडीचा दोन हजारांच्या वर आहे, यावरून अंदाज करावा. हे डोंगरांमधलं पसरलेलं धरण नाही, नदीच्याच पात्रात अडवलेलं पाणी आहे. त्यामुळे ते रुंद कमी आणि लांब जास्त. एका चांगल्या पुरात भरतं, दरवाजे उघडावे लागतात, आणि उन्हाळ्यात बघता बघता खाली जातं.

मुख्य पात्रात दहा-पंधरा मिनिटं गेल्यावर काकांनी होडी एका बाजूला वळवली. समोर नुसती पाणकणसं दिसत होती. त्यांच्यामधून एक फट निघाली आणि आम्ही एका ओढ्यात शिरलो. नदीला दोन्ही बाजूंनी असे ओढे येऊन मिळतात. बंधाऱ्याने पाणी चढलं की फुगवटा उलटा त्यांच्यात शिरतो आणि जिथे एरवी दगडगोटे असतात तिथे होडी जाईल एवढी खोल गल्ली तयार होते. दोन्ही बाजूंना बाभळी अर्ध्या पाण्यात उभ्या. काठाला बेशरमाची झुडपं. काही ठिकाणी फांद्या इतक्या खाली की आम्हाला डोकं वाकवावं लागत होतं. पाणी हलत नव्हतं. वल्ह्याने उठलेली लाट काठाला जाऊन परत येताना दिसायची.

‘बोलू नका आता, पाखरं उडू लालेत,’ काका हळूच म्हणाले.

एका वाळलेल्या बाभळीवर सात-आठ पाणकावळे पंख उघडून बसले होते, धुतलेले कपडे वाळत घातल्यासारखे. कवड्या खंड्या एकाच जागी हवेत फडफडत राहायचा आणि दगड पडावा तसा पाण्यात पडायचा. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी घोळक्याने पोहत होते, त्यांना वारकरी म्हणतात. धाकट्याने विचारलं, हे पंढरपूरला जातात का? काका तोंड दाबून हसले. पुढच्या वळणावर केशरी रंगाची जोडी उथळ चिखलात उभी होती. चक्रवाक. हे हिमालयापलीकडून, तिबेट-लडाखच्या बाजूने हिवाळ्यात इकडे येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. आम्ही जवळ गेलो तसे ते ओरडत उडाले. मुलीने विचारलं, ‘यांना रस्ता कोण सांगतं?’ अम्मी म्हणाली, ‘ज्याने पंख दिले तो.’

मग अम्मी आपणहून बोलायला लागली, बऱ्याच दिवसांनी अशी. तिचं माहेर कंधार. कंधारचा किल्ला डोंगरावर नाही, जमिनीवर आहे, आणि भोवती खंदक. राष्ट्रकूटांच्या काळात तो उभा राहिला, त्याच काळातला जगत्तुंग तलाव गावाला लागून आहे. पुढे निजामशाहीत तो मलिक अंबरच्याही ताब्यात होता, ज्याने औरंगाबादच्या खडकी गावात नहर खेळवली तोच मलिक अंबर. अम्मीला हे राजे-वजीर ठाऊक नाहीत. तिला आठवतो तो खंदक. पाण्यावर हिरवं शेवाळ, त्यात म्हशी, आणि पलीकडच्या भिंतीवरून खडे टाकणारी मुलं. ‘आमच्या लहानपणी पाणी भिंतीला लागून असायचं. मला वाटायचं सगळ्या गावांना असं असतं. लातूरला आले तर नळावर रांग.’ हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ओढ्याच्या आतल्या टोकाला शांतता मोडली. काठावर मोटारी चालू होत्या आणि पाइप पाण्यात सोडलेले. काका म्हणाले, ‘आता काही वाटत नाही. एप्रिलला या. मग मोटारी बंद करायला पथक येतं, कुणी रात्री चालवतं. ही जागा जिथं आपण बसलो, इथं मी एका साली टरबूज लावलं होतं.’ आम्ही होडीखाली पाहिलं. पाणी दीड पुरुष तरी असेल.

त्यांच्या भावाकडे होडी नाही, थर्माकोलचा तराफा आहे. पोत्यात थर्माकोल कोंबून शिवायचं, त्यावर मांडी घालून बसायचं आणि तळहाताएवढ्या लाकडी फळ्यांनी पाणी मारायचं. मला २०२३ मधली बातमी आठवली. याच गोदावरीवर, वर जायकवाडीच्या फुगवट्यात, गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा गावची मुलं थर्माकोलवर बसून शाळेला जात होती. आम्ही जॅकेट घालून, दोन तासांचे पैसे ठरवून फिरायला आलो होतो. तिथली मुलं पुस्तकं भिजू नयेत म्हणून दप्तर छातीशी धरून पाण्यातले साप चुकवत रोज जात होती. हे आठवल्यावर पुढची पाच मिनिटं माझं लक्ष पक्ष्यांकडे नव्हतं.

परतताना एका उंचवट्यावर होडी लावली. सूर्य चांगला वर आला होता. अम्मीला चाश्तची नमाज पढायची होती. ती काठाशी बसली, माझ्याकडून पाण्याची रिकामी बाटली मागून घेतली, नदीतून भरली आणि त्या एका बाटलीत वुजू केला. तोंड, हात, डोक्यावरून मसह, पाय. समोर आख्खी गोदावरी. वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी पाणी उधळू नका, ही शिकवण आपण मदरशात सगळ्यांनी ऐकलेली असते. मीही ऐकली होती. बाटलीत चार बोटं पाणी उरलं, ते तिने परत नदीत सोडलं. मग शाल अंथरून नमाज पढली. काका होडीत बसून बिडी न पेटवता थांबले.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात अजिबात जाऊ नये, वरून पाणी सोडलं की पात्र काही तासांत बदलतं. नांदेडच्या जुन्या पुलावर ३५४ मीटर ही धोक्याची पातळी मानतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नदी त्या आकड्याकडे कशी धावते ते नदीकाठच्या मोहल्ल्यांना विचारावं. होडी सकाळीच घ्यावी, दुपारी वारा सुटतो. जॅकेट नसेल तर मुलांना बसवू नये, मग होडीवाला कितीही ओळखीचा असो. आणि खाण्याच्या पुड्या घरीच ठेवाव्यात, आम्हाला ओढ्यात दोन ठिकाणी वेफर्सची रिकामी पाकिटं तरंगताना दिसली. होडीवाले काका ती वल्ह्याने उचलून होडीत टाकत होते.

काठावर उतरल्यावर त्यांनी रात्री लागलेली मासळी दाखवली. रोहू होता, दोन शिंगाळे, आणि एक मरळ डब्यात अजून हलत होता. दुल्हाभाईंनी मरळ आणि रोहू घेतला. वजन करता करता काकांनी अम्मीला विचारलं, ‘अम्मा, लातूरला आता पाणी कसं हाय?’

‘आठ दिवसांनी येतं,’ अम्मी म्हणाली. ‘पण येतं.’

काकांनी मान हलवली आणि तिच्या पिशवीत एक छोटा रोहू वरून टाकला. त्याचे पैसे घेतले नाहीत.