रतनगडची शिडी

माझ्या एका कादंबरीतला नायक रतनगडचा कडा एका दमात चढतो. वर जाऊन तो कोकणाकडे पाहतो आणि त्याला आयुष्याचा अर्थ कळतो. हे प्रकरण मी आमच्या माजघरात बसून, दोन कप चहाच्या आधारावर लिहिले. गड मी पाहिला होता तो छायाचित्रांत. चार जणांनी त्या प्रकरणाचे कौतुक केले आणि मीही ते निमूटपणे घेतले.

पण ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वाचले. पावसाळा सरला की तो गडावर वाटाड्या म्हणून जातो. त्याने एवढेच विचारले, "गुरुजी, तुमचा माणूस शिडीवर हात कुठं धरतो?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी रतनवाडीला गेलो.

पहाटे अमृतेश्वराचे दर्शन घेतले. कोरीव दगडांचे ते जुने देऊळ, शेजारची पुष्करणी, कोनाड्यांतल्या विष्णुमूर्ती. हे सारे सोडून डोंगराला भिडण्याचे काही कारण नाही असे मनात आलेच. पण विद्यार्थी पुढे निघाला होता. वाट प्रवरेच्या काठाने जाते. जिच्या तीरावर, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती ही नदी. वर्गात मी दरवर्षी सांगतो. येथे मात्र ती एका उडीत ओलांडता येते. तिचा उगम याच डोंगरात. पुढे डावीकडची वाट कात्राबाईकडे जाते; आम्ही गडाची धरली. दाट रान संपले आणि समोर एकदम कातळ उभा राहिला. त्याला टेकून लोखंडी शिडी.

पहिले दहाबारा गज मी बरा चढलो. मग चूक केली; खाली पाहिले. झाडांचे शेंडे पायाखाली होते. गुडघे आपले आपण थरथरू लागले, बोटे गजावर आवळली गेली आणि सुटेनात. चाळिशी उलटलेला, पोरांना धैर्यावर निबंध लिहायला लावणारा मी, तेथे पालीसारखा चिकटून राहिलो. वरून दोन मुली उतरायला थांबल्या होत्या, त्यांना तेवढा वेळ ताटकळावे लागले.

"खाली नका बघू, गुरुजी. वरबी नका बघू. हाताकडं बघा," खालून आवाज आला. "हातपाय मिळून चार. एका वेळी एकच सोडायचा."

आणि त्याने माझी टाच धरून पुढच्या गजावर ठेवली; लहान पोराचे बोट धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावे तशी. मग दुसरी. किती वेळ गेला ते आठवत नाही. आठवतो तो गजाचा गंज आणि त्यावरचे दव. दुसरे काही दिसतच नव्हते.

गणेश दरवाजा आला, मग कातळातल्या पायऱ्या आणि हनुमान दरवाजा. गुहेतल्या रत्नादेवीला मी जरा जास्तच वाकून नमस्कार केला. माथ्यावर सोनकी सरत आली होती. पाण्याची टाकी मागे टाकीत नेढ्यात पोहोचलो. डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेले ते भोक. त्यात बसले की वारा पाठीत शिरून छातीतून निघतो. समोर कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग. नायकाला कळलेला अर्थ मला काही कळला नाही. भूक लागली होती. भाकरी आणि ठेचा खाल्ला.

आल्या वाटेने परतायचे नव्हते. त्र्यंबक दरवाज्याच्या उंच पायऱ्या बसून, सरकत, विजारीची पर्वा न करता उतरलो आणि खुट्ट्याच्या सुळक्याखालून साम्रदला पोहोचलो. तेथून सडकेने रतनवाडी. फेरा पुरा झाला तेव्हा देवळात दिवा लागला होता.

"आता सांगा गुरुजी, हात कुठं धरतो?" त्याने हसून विचारले.

"मिळेल तेथे," मी म्हणालो.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याची चिन्हे नाहीत. तरी घरच्या प्रतीतले 'एका दमात' हे शब्द मी खोडले आहेत. टाच धरणाऱ्या त्या हाताला त्या प्रकरणात कोठेच जागा नव्हती. ती आता करायची आहे.