अब्बांची मागची सीट

आमच्या दारात सोळा वर्षं एक पांढरी मारुती ओम्नी उभी होती. अम्मीसाठी ती नुसती ‘गाडी’, आणि मोहल्ल्यातल्या पोरांसाठी ‘गाद्यांची गाडी’. आम्ही जळगावचे पिंजारी. आजोबांनी पिंजणावर कापूस पिंजला, अब्बांनी मशीनवर. गाद्या, रजया, उशा भरून द्यायच्या, हेच घरचं काम. 2002 साली अब्बांनी ही व्हॅन घेतली तेव्हा ती पाच वर्षं वापरलेली होती. मागची सीट काढली की तीत गाद्या बसायच्या, सीट लावली की आम्ही.

महिन्यातून एकदा तरी आम्ही धुळ्याला जायचो. अब्बांची धाकटी बहीण, आमची फूफी, देवपुरात राहायची. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत धुळं गाठायचं. हायवे नंबर सहाचं 2010 मध्ये त्रेपन्न झालं, पण आमच्या तोंडात सहाच राहिला. तेव्हा रस्ता दुपदरी, ट्रकांनी भरलेला, आणि पावसाळ्यानंतर त्याला खड्डे किती पडायचे ते त्या वाटेनं गेलेल्या कुणालाही विचारावं.

गाडीत बसायची रीत ठरलेली होती. आम्हा दोघा भावांपैकी एकजण गाडी चालवायचा. शेजारची सीट सूनबाईला, कारण मांडीवर लेकरू. अब्बा मागे. कुणी म्हटलंच की पुढे बसा, तर ते म्हणायचे, “मला मागे पाय पसरता येतात.” आम्हालाही ते खरं वाटायचं.

2010 च्या सुमारास अब्बांनी धुळ्याला जाणं टाळायला सुरुवात केली. कधी ऑर्डर आहे म्हणायचे, कधी जुम्म्याची नमाज चुकेल म्हणायचे. शेवटी नुसतंच, “तुम्ही जाऊन या.” आम्ही जायचो. फूफी दारातच आमच्या मागे बघायची, अजून कुणी उतरतंय का म्हणून. दोन ईदी अशाच गेल्या. दुसऱ्या ईदीला तिनं शीरखुर्म्याची वाटी पुढे ठेवली आणि म्हणाली, “भाईला सांगा, जळगाव पूर्वी एवढं लांब नव्हतं.”

आम्ही निरोप सांगितला. अब्बा काही बोलले नाहीत. आजोबांच्या जुन्या घराच्या वाटणीवरून दोघांत काही बोलणं झालं होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. तेव्हा आम्ही मनाशी पक्कं केलं की अब्बांच्या मनात तेच आहे. एवढ्या नमाजी माणसानं बहिणीशी असं वागावं याचं वाईटही वाटलं. आम्ही आपसात बोललोही. आज ते बोलणं आठवलं की मान खाली जाते.

2012 साली व्हॅनला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पुन्हा पासिंग करून नोंदणी वाढवायची, की भंगारात द्यायची, हा प्रश्न आला. मागून खट्ट-खट्ट आवाज यायचा, वेगात गाडी मागून डोलायची. आम्ही म्हणायचो, म्हातारी झाली. किती येतील ते तरी बघू, म्हणून अजिंठा चौफुलीजवळच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, आधी एक चक्कर मारू. मिस्त्री चालवायला, थोरला त्याच्या शेजारी, धाकटा मागे.

कित्येक वर्षांत आमच्यापैकी कुणी त्या सीटवर बसलं नव्हतं. पहिला स्पीडब्रेकर आला आणि हादरा कमरेतून थेट कवटीत गेला. दुसऱ्याला धाकट्याच्या तोंडून ‘या अल्ला’ निघालं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि मागची सीट जवळजवळ ॲक्सलवर. पुढे बसणाऱ्याला जे नुसतं ऐकू येतं, ते मागच्याच्या मणक्यात शिरतं. चौफुलीवर परत येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. दोघांच्याही मनात एकच होतं. इथे अब्बा बसत होते. पाऊणशे वर्षांचं नाही, पण सत्तरीकडे आलेलं शरीर, आणि जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरच्या वर अंतर.

मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली, चासीखाली दोन लोखंडी घोड्या लावल्या, आणि मगच तो आत सरकला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हे त्यानं आम्हाला आधी बजावलं. कमानीच्या टोकाशी पहार घालून त्यानं जरा उचललं, तर कमान बोल्टवर लटलट हलायला लागली. आतून काळा भुगा पडला. “गाडी म्हातारी नही व्हयनी भाऊ,” तो अहिराणीत म्हणाला, “रबर मरी गयं.”

मग त्यानं आम्हाला समजावलं. ओम्नीला मागे कमानपाटे असतात, टांग्याला असायचे तसेच. कमानीचं पुढचं टोक चासीला बोल्टनं धरलेलं. वजन पडलं की कमान सपाट होते, म्हणजे लांब होते, म्हणून मागचं टोक हलत्या शॅकलवर टांगलेलं. या दोन्ही टोकांना लोखंड लोखंडाला लागू नये म्हणून मध्ये रबरी बुश. वाटीएवढंसुद्धा नसतं ते. पण रस्त्याचा बारीक मार तेच खातं आणि ॲक्सलला जागेवर धरून ठेवतं. उन्हानं, धुळीनं, वर्षांनी रबर कडक होतं, चिरतं, त्याचं भोक लांबट होतं. मग कमान मोकळी आपटते. तोच आमचा खट्ट आवाज, आणि तेच मागून डोलणं. नवे शॉकॲब्सॉर्बर टाकले असते तरी तो आवाज गेला नसता.

काम दिसायला लहान, पण अर्धा दिवस गेला. बोल्ट गंजून आतल्या नळीला धरले होते. आम्ही म्हटलं, गॅसनं तापवा. मिस्त्री म्हणाला, “पेट्रोलची टाकी जवळ आहे. तापवायचं नाही.” त्यानं गंज सोडवायचं तेल सोडलं, तासभर थांबला, हातोड्यानं ठोकून पाहिलं. एक बोल्ट निघाला. दुसरा करवतीच्या पात्यानं कापावा लागला. ॲक्सलखाली त्यानं दुसरा जॅक दिला होता, ब्रेकच्या नळीवर वजन येऊ नये म्हणून. बुश एकाच बाजूचे खराब दिसत होते, तरी त्यानं दोन्ही बाजूंचे बदलले. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी तिरकी चालते, असं त्याचं म्हणणं. नवं रबर बसवताना आम्ही ग्रीसचा डबा पुढे केला, तर त्यानं हात मागे घेतला. तेल-ग्रीसनं रबर फुगतं आणि कुजतं. त्यानं साबणाचं पाणी लावलं.

शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. नट त्यानं हवेत आवळलेच नाहीत. हातानं फिरवून ठेवले, गाडी खाली चाकांवर उतरवली, मागे आम्हा दोघांना बसवलं, आणि मग पूर्ण आवळले. लटकलेल्या कमानीवर आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळून बसतं आणि लवकर फाटतं. म्हणाला, “वजन पडल्यावर जी जागा होते, ती खरी जागा.”

सामान, नवे बोल्ट आणि मजुरी मिळून आमच्या दोन रजयांचे पैसेही लागले नाहीत.

घरी आल्यावर जुनं बुश अब्बांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, कापूस पाहतात तसं. “दबलेला कापूस पुन्हा पिंजता येतो,” ते म्हणाले. “हे नाही पिंजता येत. बदलायलाच पाहिजे.” मग आम्ही विचारलं, कंबर दुखत होती तर सांगितलं का नाही? बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “सांगितलं असतं तर तुम्ही मला पुढे बसवलं असतं. मग सूनबाईनं लेकरू घेऊन मागे मार खायचा का? आणि नवी गाडी घ्या म्हणायला तेव्हा तुमच्या हातात काय होतं?”

आजोबांच्या घराचं नावसुद्धा त्यांच्या बोलण्यात आलं नाही. तो हिशेब आमच्याच डोक्यातला होता.

पुढच्या रविवारी आम्ही धुळ्याला निघालो. अब्बांना पुढे बसवायचं म्हटलं तर ऐकेनात, मागेच बसले. एरंडोलपर्यंत आम्ही आरशातून त्यांच्याकडेच बघत होतो. खड्डे तेच होते, पण खट्ट आवाज नव्हता. पारोळ्याच्या पुढे पाहिलं तर अब्बांना डुलकी लागली होती. देवपुरात फूफी दारात उभी होती. अब्बा उतरले तसं तिनं तोंडावर पदर घेतला. दोघं आत जाऊन बसली, आणि जेवण होईपर्यंत आम्हाला कुणी आत बोलावलं नाही.

फूफी 2014 मध्ये अल्लाला प्यारी झाली. त्या दोन वर्षांत अब्बा किती वेळा धुळ्याला गेले ते आम्ही मोजलं नाही. तिच्या मय्यतीलाही त्याच व्हॅनमधून, त्याच सीटवर बसून गेले. व्हॅन आम्ही 2018 मध्ये विकली. पुढच्या वर्षी कंपनीनं ओम्नी बनवणंच बंद केलं. रस्ताही आता पूर्वीचा राहिला नाही, चौपदरीकरणाचं काम आलं.

पण एक सवय आम्हाला लागली ती लागली. गाडी कुणाचीही असो, घरातलं वडीलधारं माणूस “तुम्ही जाऊन या” म्हणालं, की आम्ही त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत नाही. आधी त्याच्या सीटवर बसून एक चक्कर मारतो.