दंडाची वही

न्यायाधीशांच्या तोंडून ‘दंड’ हा शब्द निघाला की खटला संपला, असे बघ्यांस वाटते. वर्तमानपत्रेही तेथेच थांबतात. सरकारचा व्यवहार मात्र तेथून पुढे सुरू होतो. रक्कम वहीत चढते, पावती फाडली जाते, पैसा तिजोरीत जातो. जो भरीत नाही त्याच्या नावापुढे बाकी राहते.

आमच्या पुण्यास हा हिशेब नवा नाही. पेशवाईत वाद हरणाऱ्याकडून सरकार ‘गुन्हेगारी’ घेई व जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’. आज गुन्हेगारी म्हटले की चोऱ्यामाऱ्या आठवतात. त्या काळी ती सरकारी जमेची एक बाब होती. जिंकणाऱ्यासही पैसे मोजावे लागत हे ऐकून आमचे विद्यार्थी हसतात. वकिलाचे बिल त्यांनी अद्याप पाहिलेले नाही!

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेली चौकट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही बहुतांशी कायम आहे. दंड थकल्यास न्यायालय जंगम मालमत्तेच्या जप्तीचे वॉरंट काढते, किंवा जिल्हाधिकाऱ्यास ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयास सांगते. निदान सहा वर्षे हा तगादा चालू शकतो, आणि दंड झालेला मनुष्य मेला तरी त्याची मालमत्ता सुटत नाही.

पण ज्याच्यापाशी जप्त करण्याजोगे काहीच नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी कैद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली शांतीलाल खटल्यात स्पष्ट केले की, ही कैद मूळ गुन्ह्याची शिक्षा नव्हे, दंड न भरल्याचा तो परिणाम होय. भेद सूक्ष्म आणि योग्य आहे. कोठडीच्या आतून तो कितपत दिसतो, हा प्रश्न निराळा.

मागे एका न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही एका हातगाडीवाल्याच्या भावास नोटा मोजताना पाहिले. शिक्षा केवळ दंडाची होती. तीनशे रुपये कमी पडत होते. अशा प्रसंगी न्यायालय तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते, ही तरतूद जुन्या कायद्यात होती व नव्यातही आहे. त्या बिचाऱ्यास ती कोणी सांगितली नव्हती. शेजारच्या बाकावरील वृद्ध वकिलाने अर्ज लिहून दिला, तेव्हा कोठे हप्ते मिळाले. तो वकील त्या दिवशी तेथे बसला होता, हा निव्वळ योगायोग.

२०२३ साली केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. दंड भरता न आल्यामुळे तुरुंगात राहिलेल्यास जिल्ह्याच्या समितीमार्फत पंचवीस हजारांपर्यंत साहाय्य मिळू शकते. म्हणजे सरकारच्या एका खिशातून पैसा निघावा आणि सरकारच्याच दुसऱ्या खिशात पडावा! हिशेबनीस यास हसेल. आम्हांस मात्र हा खर्च अगदी रास्त वाटतो. अट इतकीच की, येरवड्याच्या भिंतीआड बसलेल्या त्या मनुष्यापर्यंत योजनेचे नाव तरी पोहोचावे.