दार्जिलिंगच्या ओट्यावरची क्लायव्हिया

घूमच्या विहारातील १५ फुटी मैत्रेय बुद्धमूर्तीला वंदन करून आम्ही मंडळी दार्जिलिंगकडे उतरू लागलो. चैत्र महिना. ओट्याओट्यांवर, कुठे तेलाच्या डब्यातही, केशरी फुलांचे झुबके! एका बाईंना नाव विचारले. "क्लायव्हिया," त्या म्हणाल्या.

झाड दक्षिण आफ्रिकेच्या रानातले, नाव मात्र इंग्रजांच्या क्लाइव्ह घराण्यातील बाईचे! नाव ठेवण्याचा हक्क कोणाच्या हाती असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

बाईंनी निगा सांगितली. ऊन सकाळचे, कोवळे. मुळे कुंडीत दाटली तरी उपटायचे नाही, दाटली की उलट बरे फुलते. दिवाळीनंतर दोन महिने पाणी अगदी बेताचे, थंडी मात्र लागू द्यायची. दांडा वर आला की पाणी वाढवायचे.

ही थंडी १०-१२ अंशांची. आमच्या मुंबईच्या चाळीत ती कुठली? पाने हिरवीगार राहतील, फूल कठीण. तेव्हा पैसे मोडून रोप आणू नये. तिच्याच कुळातली, आफ्रिकेचीच फुटबॉल लिली आपल्या उन्हाळ्यात फुलते. थंडीत पाने वाळली की पाणी तोडावे, कांदा कुंडीतच ठेवावा. एप्रिलमध्ये पुन्हा पाणी द्यावे; बुद्धपौर्णिमेच्या सुमारास लाल चेंडू वर येतो. कांद्याला पिल्ले फुटतात, शेजारी मागितले तर एखादे सहज मिळते.