जैतापूरच्या अणुभट्टीस, सदरहून

प्रति,
जैतापूर अणुविद्युत प्रकल्प,
मु. माडबन, ता. राजापूर, जि. रत्नागिरी.



तू अजून उभा नाहीस. तरी तुझा पत्ता आहे, कुंपण आहे, नावावर ९३८ हेक्टर जमीन आहे. भारत-फ्रान्स भेट झाली की संयुक्त निवेदनात तुझ्यापुरती एक-दोन वाक्यं निघतात. त्यांत 'प्रगती समाधानकारक' अशा अर्थाचं काहीतरी असतं आणि माडबनच्या सड्यावर वारा तसाच वाहत राहतो.

मी नागपूरच्या सदरमध्ये राहतो. आमच्या रेसिडेन्सी रोडनं उत्तरेकडे निघालं, छावणी आणि मानकापूर मागं टाकलं की कोराडी लागतं. जगदंबेचं मंदिर आणि वीज केंद्राच्या चिमण्या एकाच वाटेवर आहेत. नवरात्रात माणसं दोन्हींचं दर्शन घेऊनच परततात. विदर्भातल्या माणसानं कोकणातल्या प्रकल्पाला पत्र लिहावं, याचं नवल वाटून घेऊ नकोस. तुझा पर्यावरण परिणाम अहवाल आमच्याच शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तयार केला होता. त्या नात्यानं थोडं बोलायचा हक्क आहे, असं धरून चालतो.

कोराडीचा पहिला संच १९७४ चा. जुन्यांपैकी बहुतेक संच बंद झाले आणि २०१५ ते २०१७ च्या दरम्यान ६६० मेगावॅटचे तीन नवे आले. पलीकडे खापरखेडा, इकडे मौदा, खाली चंद्रपूर, तिकडे तिरोडा. एकट्या पूर्व विदर्भात दहा हजार मेगावॅटच्या वर कोळशाची वीज बनते, आणि त्यातली बरीच तारांवरून पश्चिमेला जाते. कोराडी-खापरखेड्याच्या संचांना थंड ठेवायला आमच्या शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी पुरवलं जातं. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळ्यातल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचं पाणी नाल्यातून पुढं कन्हान नदीत गेलं, आणि त्याच नदीवर नागपूरची पाणीपुरवठा योजना आहे. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, कोराडीत ६६० चे आणखी दोन संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली. विरोध नोंदवला गेला. तरी जानेवारी २०२५ मध्ये ते उभारण्याचं काम भेल या कंपनीला मिळालंही.

तेव्हा आमच्याकडच्या माणसाला तुझ्याबद्दल काय वाटत असेल, याचा अंदाज तुला येईल. मंगळवारी बाजारातल्या चहाच्या टपरीवर विषय काढलास तर कोणीही म्हणेल, "आमी इतकी वर्षं राख खाऊन राह्यलो, तं त्यांनी थोडं सोसावं ना बावा!" हे मला ऐकायला गोड लागतं, खोटं कशाला बोलू? तू झालास की कोराडीची एखादी चिमणी तरी थंडावेल, असा हिशेब मीही मनात मांडलेला आहे. पण माडबनची हकीकत वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की कोराडीतली सुनावणी आणि तिथली सुनावणी एकाच हातानं लिहिलेली आहे.

मे २०१० मध्ये तुझी जनसुनावणी झाली. अहवालाची मराठी प्रत गावांत वेळेवर पोहोचलीच नाही, ही तेव्हाची तक्रार. २८ नोव्हेंबर २०१० ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी दिली, आणि पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात उतरले. मंजुरीमागं विजेखेरीज राजनैतिक कारणंही आहेत, हे रमेश यांनी लपवलं नाही. त्यांच्या या मोकळेपणाला दाद द्यावी की कपाळाला हात लावावा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली. १८ एप्रिलला साखरी नाट्यात तुझ्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला.

साखरी नाटे हे मच्छीमारांचं गाव. त्यांची जमीन तुला नकोच होती, त्यामुळे भूसंपादनाच्या यादीत त्यांना जागा नव्हती. समुद्राचा सात-बारा कोणाच्या नावावर नसतो. तू मात्र यंत्रं थंड करून सुमारे ५ अंशांनी तापलेलं पाणी त्यांच्या समुद्रात सोडणार, तेही दिवसाला हजारो कोटी लिटर. मासळी कोणत्या पाण्यात थांबते आणि कोणत्या पाण्यातून निघून जाते, हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याचा शब्द त्या अहवालात कुठं बसणार होता? सड्याचंही तेच. कागदावर 'पडीक', प्रत्यक्षात पावसाळ्यात गुरांचं रान आणि उताराला आंबा-काजू. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासानंही जमिनीला पडीक ठरवण्यावर बोट ठेवलं होतं.

मग २०१३ मध्ये सरकारनं मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला. आधी बहुतेकांनी धनादेशाला हात लावला नव्हता. नंतर अनेकांनी घेतले. इथं मला थांबावंसं वाटतं. लोकांनी घासाघीस केली आणि भाव वाढवून मिळाला, असं सरकार सांगतं, आणि ते खरंही आहे. पण घासाघीस झाली ती फक्त जमिनीच्या भावावर. तुझा आकार, तुझी जागा, तुझं तापलेलं पाणी, तुझा कचरा, यांतल्या कशावरही गावाला तोंड उघडता आलं नाही. मंगळवारीत भाजीवाली भाव सोडत नसेल तर आम्ही पुढच्या ठेल्यावर जातो. माडबनला पुढचा ठेलाच नव्हता.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की अणू चांगला की सूर्य चांगला, या भांडणात मला फारसा रस नाही. गावाला ज्या विजेशी घासाघीस करता येते, ती वीज मी पसंत करीन. आणि घासाघिशीत 'नको' हा शब्दही धरला पाहिजे. तो नसेल तर ती नुसती किंमत ठरवणं झालं.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि कूलर रात्रभर घरघरत असतात. रात्री दोनला छतावरचं पॅनल काही कामाचं नाही. बॅटरी महाग आहे. पाणी वर चढवून साठवायचे प्रकल्प, जसं २५० मेगावॅटचं घाटघर, सह्याद्रीत आणखी होऊ घातले आहेत, आणि तिथंही डोंगर-जंगल आणि माणसं आहेतच. कोळसा न जाळता चोवीस तास चालणारी वीज हवी असेल तर तुझं नाव यादीत येणारच. कोराडीच्या वाटेवर राहणाऱ्यानं ते नाकारणं बरं दिसत नाही.

आणि सौरऊर्जाही काही सोवळ्यातली नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरला दिवसा वीज देण्यासाठी गावोगाव पॅनल बसताहेत. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. आमच्याकडचा शेतकरी रात्री अकराला मोटर सुरू करायला बॅटरी घेऊन निघतो, बांधावर साप आणि रानडुकरं, काही भागांत वाघही. दिवसा वीज मिळणं त्याच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे, म्हणून या योजनेचं मला मनापासून कौतुक आहे. पण सरकारी जमीन शोधताना पहिली नजर गायरानावर जाते. ज्याच्या नावावर शेत नाही पण दारात चार शेळ्या आहेत, त्याचं गायरान. त्याला भाडं मिळत नाही, कारण तो मालक नाही. साखरी नाट्याचा मच्छीमार आणि हा शेळीवाला, दोघांचं दुखणं एकच.

तरी एक फरक उरतो, आणि तो मला निर्णायक वाटतो. पाच मेगावॅटचं सौर केंद्र गावानं अडवलं तर ते शेजारच्या माळावर सरकतं. शेळ्यांची वाट सोडून रांगा लावा म्हटलं तर लावता येतात. करार संपला की खांब उपटून नेता येतात. चूक झालीच तर ती एका पिढीपुरती. तुझा एक संच १६५० मेगावॅटचा, असे सहा, मिळून ९९०० मेगावॅट. तुला दोन किलोमीटर सरक म्हणता येत नाही, अर्धाच ये म्हणता येत नाही, आणि पटलं नाही म्हणून परत पाठवता येत नाही. इतका मोठा आणि इतका अवघड पाहुणा घरी आणायचा तर आधी घरातल्या सगळ्यांना विचारायला नको का? तुझ्या बाबतीत उलटंच झालं. जितका तू मोठा, तितकी विचारपूस लहान.

तारापूर तुझं थोरलं भावंड, १९६९ पासून चालू आहे. तिथं तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि पुनर्वसनासाठी लोकांना वर्षानुवर्षं उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. परदेशातल्या तुझ्या जुळ्या भावांची खबरही धीर देणारी नाही. फिनलंडच्या ओल्किलुओतोचं बांधकाम २००५ ला सुरू झालं, तो २०२३ ला नियमित वीज देऊ लागला. फ्रान्सच्या फ्लामाँव्हिलचं बांधकाम २००७ ला सुरू होऊन तो डिसेंबर २०२४ मध्ये जाळ्याला जोडला गेला, ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या पुढं गेला. आणि हा दुसरा तर तुला बनवणाऱ्या फ्रेंचांच्या स्वतःच्या देशात.

आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं शांती नावाचा नवा कायदा केला. अणुवीज खासगी कंपन्यांना खुली झाली. अणु-अपघाताच्या दायित्वाबद्दलच्या २०१० च्या कायद्यात सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याची जी वाट होती, ती बुजवली गेली. तुझ्याएवढ्या भट्टीच्या चालकाची जबाबदारी ३००० कोटी रुपयांना बांधली आहे. सहा भट्ट्यांचा आवाका आणि अख्खी किनारपट्टी पुढ्यात ठेवून हा आकडा पुन्हा वाच. यंत्र इतकं सुरक्षित आहे असं बनवणारा म्हणतो, तर त्याला जबाबदारी घ्यायला अडचण का असावी, हा अडाणी प्रश्न मला सुटत नाही.

राजकारण्यांवर जागा घालवत नाही. तुझ्या तालुक्यात नाणारची रिफायनरी आली आणि गेली, मग बारसूची आली, प्रत्येक वेळी विरोध करणारे सत्तेत गेल्यावर गप्प झाले आणि सत्तेतले बाहेर पडल्यावर बोलू लागले. त्यांची नावं कोकणातल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. आमच्याकडे हिवाळी अधिवेशनात एलआयसी चौकात बॅरिकेड लागतात, प्रकल्पग्रस्तांचे मोर्चे तिथंच अडतात, एखादा मंत्री येऊन निवेदन घेतो आणि संध्याकाळी रस्ता मोकळा होतो. सदरच्या माणसाला मोर्च्याची एवढी सवय आहे की तो फक्त कुठल्या गल्लीतून गाडी काढायची ते बघतो. आम्हीही यात साळसूद नाही.

तुझ्या पर्यावरण मंजुरीची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली. हे मला तुझं नशीब वाटतं. नूतनीकरणाच्या अर्जावर शिक्का मारून घेण्याऐवजी पहिल्यापासून सुरू कर. अहवाल नव्यानं, मराठीत, सुनावणीच्या आधी महिनाभर साखरी नाट्याच्या जेटीवर आणि माडबनच्या शाळेत ठेव. जमीन नसलेल्यांना पहिल्या रांगेत बसव. सहाऐवजी दोन, किंवा एकही नाही, हे उत्तरही सुनावणीतून निघू शकतं, असं आधीच लिहून दे. तुला हे जमलं तर कोराडीच्या पुढच्या सुनावणीत तुझा दाखला देणारा पहिला माणूस मी असेन.

आणि दर सांग. ईडीएफ या फ्रेंच कंपनीनं एप्रिल २०२१ मध्ये आपला प्रस्ताव दिला, पण तुझं युनिट किती रुपयांना पडणार ते आजवर आमच्या कानावर आलेलं नाही. सौर वीज तीन रुपयांच्या आसपास मिळते आहे. माझ्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशी रांग असते. तुझा भार त्यातल्या कुठल्या रकान्यात पडणार, ते आधी कळू दे. तुझ्याच जिल्ह्यात, गुहागरला, एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या वेळी आम्हाला ते नंतर कळलं होतं.

कळावे,

आपला,
सदर, नागपूर येथील एक वीजग्राहक