पाच लिटरांचा हिशेब

गाडी रस्त्यात बंद पडायची कारणं पुष्कळ. त्यांतलं सगळ्यात सहज टळणारं आणि टळलं नाही की सगळ्यात जास्त हुज्जत घडवणारं कारण म्हणजे रिकामी टाकी. बेल्ट तुटला, क्लच जळला, तर माणूस नशिबाला बोल लावून पैसे मोजतो. पेट्रोल संपलं की मात्र त्याला पंपावरचा दर तोंडपाठ असतो. ‘पाच लिटरचे पाचशे होतात, तुम्ही पंचवीसशे कसले मागता?’ हा प्रश्न मला कन्नडमध्ये, हिंदीत, तमिळमध्ये आणि दसऱ्याच्या दिवसांत अस्सल कोल्हापुरी मराठीतही ऐकावा लागतो. रस्त्यात अडलेल्या गाड्यांना मदत पोहोचवणं हा म्हैसुरात माझा धंदा आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

शहरात प्रश्न फारसा येत नाही. चामुंडी टेकडीच्या वाटेवर किंवा रिंग रोडवर कुणाची टाकी आटली, तर पोरगा स्कूटरवर डबा घेऊन जातो, तीनशे-चारशे रुपये मजुरीत काम होतं आणि चहाही होतो. खरी गंमत बेंगळुरूच्या रस्त्यावर.

मार्च 2023 मध्ये बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचं उद्घाटन झालं. सुमारे 119 किलोमीटर, मधल्या सहा मार्गिका वेगवान गाड्यांना आणि दोन्ही अंगांनी सर्व्हिस रोड. बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण ही गावं बायपासनं बाजूला पडली. जुन्या रस्त्यावर माणूस मद्दूर वड्यासाठी थांबायचा, तिथंच पंप दिसायचा, टाकीत चार लिटर पडायचे. आता वडाही चुकतो आणि पंपही. दीड तासात पोहोचू या हिशेबानं लोक काटा लाल खुणेवर असताना आत शिरतात आणि मंड्याच्या आसपास गाडी गचके खाऊ लागते.

आणि 1 ऑगस्ट 2023 पासून त्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी झाली. अपघात पाहता निर्णय योग्यच होता. पण आमच्या धंद्याचं गणित त्या दिवशी पालटलं. स्कूटरवरचा पोरगा आता तिथं जाऊच शकत नाही. पाच लिटरसाठी चारचाकी काढावी लागते.

हिशेब उघडाच करतो. मंड्या बायपासवर गाडी बंद आहे. म्हैसूरहून जाऊन-येऊन, शिवाय पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळून, शंभर किलोमीटर धरा. आमचा पिकअप लिटरला बारा-तेरा देतो, म्हणजे आठ लिटर डिझेल. लिटरला नव्वद धरले तर सातशे वीस रुपये इथंच गेले. गणंगूरचा टोल जाताना आणि येताना. ड्रायव्हर आणि हेल्पर यांचा अर्धा दिवस. टायर, ऑइल, गाडीचा हप्ता. बेरीज सतराशेच्या घरात जाते, त्यावर 18 टक्के जीएसटी, की झाले दोन हजार. यात आमचा नफा किती, ते जाणकारानं ओळखावं. रात्रीचा दर याहून चढा असतो आणि तो असायलाच हवा, कारण शंभरच्या वेगानं गाड्या जात असताना अंधारात कडेला उभं राहून नरसाळं धरणं हे जोखमीचं काम आहे.

या दोन हजारांत पाचशेची भर घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे चुकीची बाजू. फोनवर विचारावं, ‘दादा, गाडी बेंगळुरूकडं तोंड करून आहे की म्हैसूरकडं?’ तर उत्तर येतं, ‘उजवीकडं ऊस आहे बघा.’ मंड्या जिल्ह्यात ऊस उजवीकडंही असतो आणि डावीकडंही. व्हॉट्सॲपवर आलेलं लोकेशन दुभाजकाच्या अलीकडचं की पलीकडचं ते सांगत नाही. आमची माणसं पोहोचतात, समोर दुभाजकापलीकडं हात हलवणारं कुटुंब दिसतं, आणि तिथपर्यंत जायला पुन्हा पुढची एक्झिट गाठावी लागते. दुभाजक ओलांडून डबा द्या, असा आग्रह होतो. तो आम्ही मानत नाही.

‘मग डबा गाडीत तयारच का ठेवत नाही?’ असं विचारणारेही असतात. 1934 चा पेट्रोलियम कायदा आड येतो. विक्रीसाठी नसेल तर 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. धातूचं भांडं 25 लिटरपर्यंत, काचेचं एक लिटरपर्यंत. विकायचं म्हटलं की परवाना आला, आणि त्याचा कारभार पाहणारी ‘पेसो’ ही केंद्राची संस्था आपल्या नागपुरात बसते. म्हणून आम्ही इंधन विकत नाही. फोन आला की पत्र्याचा डबा घेऊन आधी पंपावर जायचं, पावती घ्यायची, ती पावती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि आपली मजुरी वेगळी सांगायची. पंपवाला पाण्याच्या बाटलीत पेट्रोल देत नाही म्हणून त्याच्याशी भांडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. त्याची बाजू बरोबर आहे.

आता विम्याकडं वळू. ‘रोडसाइड असिस्टन्स’चं पूरक कवच घेतलेलं असतं, वर्षाला काही शे रुपये भरलेले असतात आणि गिऱ्हाइकाची खात्री असते की पेट्रोल फुकट येणार. पॉलिसी वाचलेली नसते. पुष्कळ पॉलिसींत फुकट असतं ते पोहोचवणं; इंधनाचे पैसे आपलेच. काहींत तीन किंवा पाच लिटरची मर्यादा, वर्षात ठरावीक वेळाच मदत आणि शहरापासून अमुक किलोमीटरपर्यंतच. त्यापुढचं अंतर गिऱ्हाइकाच्या खिशातून. फोन लागतो तो कुठल्या तरी दूरच्या कॉल सेंटरला, तिथून काम आमच्यासारख्या स्थानिक माणसाकडं येतं आणि एका कामाचा आमचा दर आधीच ठरलेला असतो. तो इतका ताणलेला असतो की काही जण दूरचं काम घ्यायला टाळाटाळ करतात. ‘तासाभरात पोहोचू’ या आश्वासनाचे अडीच तास होतात ते बहुधा यामुळं. तरीही हे कवच घ्यावं असंच मी म्हणेन. एकदा फ्लॅटबेडवर गाडी चढवायची वेळ आली, तर कैक वर्षांचे हप्ते वसूल होतात.

डिझेलवाल्यांना मात्र वेगळं सांगायला हवं. पेट्रोल गाडीत इंधन पडलं की चार-दोन सेल्फमध्ये ती बहुधा सुरू होते. डिझेल टाकी पूर्ण आटली की लाइन हवा धरते. जुन्या गाड्यांत फिल्टरवरचा हँड प्राइमर दाबत, ब्लीडिंगचा नट ढिला करून फेस जाईपर्यंत हवा काढायची, हे कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून करायचा. कॉमन रेलच्या गाड्यांत हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. कोरडा फिरला की तो आतून घासतो, त्याचा कीस इंजेक्टरमध्ये जातो आणि मग बिल हजारांत राहत नाही. गाडी बंद पडली की घाबरून सेल्फ मारत राहणं हा सगळ्यात महागडा उपाय. त्यात बॅटरीही बसते. डिझेल ओतल्यावर किल्ली नुसती ऑन करून थांबायचं, पुन्हा ऑफ, पुन्हा ऑन. टाकीत विजेचा पंप असेल तर तो लाइन भरून घेतो. मग सेल्फ.

इलेक्ट्रिक गाडीला डबा नेता येत नाही. तिला फ्लॅटबेडच लागतो, कारण चाकं जमिनीवर ठेवून टोचन केलं तर चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार करते आणि नुकसान होऊ शकतं.

पैसे देऊनही मदत मिळत नाही अशी जागा म्हणजे बंडीपूरचं जंगल. म्हैसूरहून नंजनगूड, गुंडलुपेट करत उटीला किंवा वायनाडला जाणारी वाट त्यातून जाते. 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा तिथली वाहतूक बंद असते आणि एरवीही जंगलात गाडी थांबवायला मनाई आहे. संध्याकाळी साडेसातला फोन आला, तर आमची गाडी आत जाऊन नऊच्या आत बाहेर पडेल याची खात्री नसते. त्यापुढं मसिनगुडीकडून कल्हट्टीचा घाट चढायचा असेल तर 36 हेअरपिन वळणं आहेत. खड्या चढावर टाकीतलं उरलंसुरलं इंधन एका बाजूला सरकतं आणि इंधन ओढणाऱ्या नळीला हवा लागते. डॅशबोर्ड ‘अजून 40 किलोमीटर’ म्हणत असतो. तो आकडा मागच्या सपाट रस्त्यावरच्या सरासरीतून काढलेला असतो.

कायद्याची एक कोपरखळी सांगतो. रस्त्यात गाडी उभी ठेवून वाहतुकीला अडथळा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 201 खाली 500 रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी अकस्मात बिघडली असेल आणि हलवण्याचं काम चालू असेल, तर सूट. आता काटा तासभर लाल खुणेवर टेकला होता, त्याला अकस्मात कोण म्हणेल? जर्मनीत ऑटोबानवर थांबायलाच बंदी आहे आणि इंधन संपणं ही टाळता येण्याजोगी गोष्ट धरली जाते. मला ते पटतं, धंदा बुडाला तरी.

तेव्हा म्हैसूरला येणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. सीमेपलीकडं पेट्रोल स्वस्त मिळेल म्हणून टाकी तळाला नेऊ नका. बेंगळुरूच्या रस्त्याला लागण्याआधी टाकी भरा, आणि जंगलात शिरण्याआधी गुंडलुपेटला. तरीही अडलात तर हॅझर्ड दिवे लावा, त्रिकोण मागं लांब ठेवा, माणसं रेलिंगपलीकडं उभी करा आणि आधी 1033 लावा. ती राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी आहे, फोन फुकट आहे आणि गस्तीची गाडी किंवा क्रेन येऊन निदान तुम्हाला मार्गिकेबाहेर काढते. कधी इंधनाचीही सोय होते, पण ती गृहीत धरू नका. त्यानंतर आम्हाला फोन करा, तेव्हा तोंड कुठल्या शहराकडं आहे ते सांगा, जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून दाखवा, आणि गाडी निघण्याआधी पूर्ण दर विचारून घ्या. आकडा पटला नाही तर खुशाल दुसऱ्याला विचारा. दर आधी सांगायला जो कां-कूं करतो, त्याला बोलावू नका.