इंजिनाच्या आतला आवाज

माझे वडील रेल्वेत फायरमन होते, आणि घरात ते ओरडून बोलत. पाहुण्यांसमोर साधे पाणी मागतानाही त्यांचा आवाज चढलेला असे. पुढे मराठीचा प्राध्यापक झाल्यावर मी विद्यार्थ्यांना साहित्यातील आगगाडीविषयी बरेच काही सांगितले: दूरवरून येणारी शिट्टी, मागे रेंगाळणारा धूर, फलाटावरचे निरोप. वडिलांच्या आवाजाचा संबंध मात्र मी त्या गाडीशी कधी जोडला नाही. तो त्यांचा स्वभावच, असे मी धरून चाललो होतो. आणि खरे सांगायचे तर त्याची मला लाज वाटे.

२००६ साली एका चर्चासत्राच्या निमित्ताने आसामात गेलो असता लेडोजवळच्या टिपोंग कोळसा खाणीत जाण्याचा योग आला. तेथे दोन फुटी रुळांवर वाफेची छोटी इंजिने तेव्हाही राबत होती. त्यांपैकी काही मूळची दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेची, 'बी' वर्गातील. बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली पाण्याची टाकी आणि मागे दोन माणसे जेमतेम उभी राहतील एवढी जागा. तीत मी तिसरा.

ड्रायव्हरने वाफ सोडली आणि टबांची रांग हलली. वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडताना भट्टीतून हवा ओढून घेते. म्हणून इंजिनाला जितके कष्ट अधिक, तितकी आग अधिक पेटते. लहानपणी आपण ज्याला झुकझुक म्हणतो, तो वाफेचा हा झटका. चाकाच्या एका फेऱ्यात असे चार. बाहेरून ऐकताना त्यात लय असते; आत ती पत्र्यावर आदळते आणि दातांत उतरते. फायरमनची नजर दोनच ठिकाणी खिळलेली: भट्टीच्या तोंडावर आणि काचेच्या नळीतील पाण्यावर. ते पाणी फार खाली गेले तर भट्टीचे छत उघडे पडते, आणि मग बॉयलरचा भरवसा राहत नाही. मध्येच त्याने मला काही विचारले. ऐकू आले नाही. तेव्हा कानाशी तोंड आणून तो ओरडला, "पानी पिओगे?"

मी हो म्हटले, तेही ओरडूनच.

घरी परतल्यावर वडिलांच्या शेजारी बसून मी टिपोंगची हकिकत सांगितली, आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्याशी त्यांच्याच पट्टीत बोललो. त्यांनी सारे ऐकून घेतले व एवढेच विचारले, "कोळसा कसा होता रे तिथला?"

मला सांगता आले नाही.